नवशिक्यांना बिल्ड सोपे करून द्यावे की शिकवावे?

पायवाट (चर्चाप्रस्ताव)

संगणक शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेत येत्या सत्रापासून काय करायचे, यावर आमच्या विभागात सध्या मतभेद आहेत, आणि हा प्रश्न केवळ आमच्या विभागापुरता नसल्यामुळे तो येथे मांडत आहे. सहकाऱ्यांचा प्रस्ताव असा आहे की सी भाषेतील डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रॅक्टिकलसाठी विद्यार्थ्यांना सर्व काही आधीच बसवलेले वातावरण द्यावे. त्यांनी ब्राउझर उघडावा, कोड लिहावा आणि ‘रन’ हे बटण दाबावे. कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर कोणता, तो कोठे आहे, लायब्ररी कशी जोडली जाते, यांपैकी कशाशीही त्यांचा संबंध येऊ नये. प्रस्तावामागचे कारण खरे आहे. दोन तासांच्या प्रॅक्टिकलचा बराचसा वेळ इन्स्टॉलेशनच्या तक्रारी निस्तरण्यात जातो आणि लिंक्ड लिस्ट तशीच राहून जाते. तरीही माझा या प्रस्तावाला विरोध आहे. लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम कसा होतो, म्हणजेच बिल्ड कसे होते, हे संगणक शाखेच्या विद्यार्थ्याला कळलेच पाहिजे, आणि ते कळण्याची जागा दुसऱ्या वर्षाची प्रयोगशाळा हीच आहे.

एक अगदी साधे उदाहरण घेऊ. विद्यार्थी वर्गमूळ काढणारा प्रोग्रॅम लिहितो, सुरुवातीला ‘मॅथ डॉट एच’ ही हेडर फाइल समाविष्ट करतो आणि लिनक्सवर जीसीसी या कंपायलरने कंपाइल करतो. वर्गमूळ थेट २ या आकड्याचे काढले असेल, तर कंपायलर उत्तर स्वतःच काढून ठेवतो आणि प्रोग्रॅम विनातक्रार चालतो. तोच आकडा वापरणाऱ्याकडून घेतला की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असा एरर येतो आणि विद्यार्थी गोंधळतो, कारण हेडर तर त्याने लिहिलेले असते. हेडरमध्ये फंक्शनची केवळ ओळख असते, त्याचे प्रत्यक्ष शरीर गणिताच्या वेगळ्या लायब्ररीत असते, आणि ती लायब्ररी जोडण्यास लिंकरला, म्हणजे तयार तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाला, ‘-एलएम’ असे लिहून सांगावे लागते, हे त्याला येथे प्रथमच कळते. उबुंटूवर तर हे ‘-एलएम’ फाइलच्या नावाआधी लिहून भागत नाही. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो, आणि तोपर्यंत कोणी मागितलीच नसलेली लायब्ररी तो बाजूला टाकतो, म्हणून ते नावानंतर लिहावे लागते. कंपायलर आणि लिंकर यांची कामे वेगळी आहेत, डिक्लरेशन आणि डेफिनिशन या दोन गोष्टी आहेत, आणि एररचा संदेश कोणत्या टप्प्यातून आला ते ओळखल्याशिवाय तो दुरुस्त करता येत नाही, एवढे सगळे या एका एररमधून शिकवता येते. ‘रन’ बटणाच्या मागे ते ‘-एलएम’ आधीच लिहून ठेवले, तर हा एरर कधीच येणार नाही, आणि त्यातून मिळणारी समजही येणार नाही.

सगळे एका बटणावर आणून ठेवल्यावर काय होते, हे महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांनी टर्बो सीच्या रूपाने अनेक वर्षे पाहिले आहे. बोरलँड कंपनीचे हे डॉसवरचे साधन त्याच्या काळात उत्तम होते. निळ्या पडद्यावर लिहायचे, कंट्रोल आणि एफ-९ दाबायचे, की कंपाइल, लिंक आणि रन ही तिन्ही कामे एका दमात होत. पण विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्यांवर ते थेट चालेनासे झाल्यावरही आपण डॉसचे सोंग घेणाऱ्या डॉसबॉक्सच्या आधाराने ते चालवत राहिलो. पडदा पुसण्याचे आणि एक कळ वाचण्याचे फंक्शन हे सी भाषेचेच भाग आहेत, इंटिजर दोनच बाइटांचा असतो, ‘मेन’च्या आधी ‘व्हॉइड’ लिहायचे असते, अशी समजूत घेऊन विद्यार्थी नोकरीच्या मुलाखतीपर्यंत पोहोचले. सी++ चे प्रमाणीकरण १९९८ मध्ये झाले, तरी ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ हे त्याआधीचे हेडर त्यानंतर कितीतरी वर्षे जर्नलमध्ये उतरवले जात होते. यात विद्यार्थ्यांना दोष देता येणार नाही. भाषा कोठे संपते आणि साधन कोठे सुरू होते, ते त्यांना कोणी दाखवलेच नव्हते.

त्यामुळे माझे म्हणणे असे की पहिली तीन प्रॅक्टिकल बिल्डसाठीच राखून ठेवावीत. पहिल्यात प्रत्येकाने टर्मिनल उघडून स्वतः कंपाइल करावे. दुसऱ्यात जीसीसीला प्रीप्रोसेसिंगनंतर, असेंब्ली कोड तयार झाल्यावर आणि ऑब्जेक्ट फाइल (अजून न जोडलेला यंत्रभाषेतील तुकडा) तयार झाल्यावर थांबवून प्रत्येक टप्प्यावर काय हाती आले ते उघडून पाहावे. तिसऱ्यात तीन फाइलींचा छोटा प्रोजेक्ट घेऊन त्याची मेकफाइल, म्हणजे कशापासून काय तयार करायचे हे ‘मेक’ या साधनाला सांगणारी फाइल, लिहावी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत मोफत मिळतात, त्यामुळे इंग्रजीची अडचण असलेल्या विद्यार्थ्यालाही आधार आहे. विरुद्ध मते अवश्य मांडावीत. विभागाच्या बैठकीत ती मांडली जातीलच, त्याआधी ती मला समजून घ्यायची आहेत.

माणगंगा

पायवाट सर, तुमचे वर्गमुळाचे उदाहरण चोख आहे, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी तसाच एरर आला असता तर मी तुमच्या बाजूने उभी राहिले असते. मी तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात हाच विषय शिकवते, आणि आमच्याकडे येणारे एरर वेगळ्या जातीचे असतात.

नवा लॅपटॉप सुरू करताना दुकानदाराने नाव आणि आडनाव मध्ये जागा सोडून टाकलेले असते, त्यामुळे विद्यार्थ्याच्या प्रत्येक फाइलच्या पाथमध्ये ती मोकळी जागा येते, आणि मेक हे साधन फाइलींची यादी मोकळ्या जागेवर तोडत असल्यामुळे एका पाथचे दोन तुकडे होतात. ज्या मुलीने हौसेने आपले नाव देवनागरीत टाकलेले असते, तिची फाइल मिनजीडब्ल्यूच्या (विंडोजवरच्या जीसीसीच्या) जुन्या आवृत्तीला उघडताच येत नाही. कोणी पाथ व्हेरिएबल (प्रोग्रॅम कोठे शोधायचे ते सांगणारी नोंद) नीट बदललेले असते, पण टर्मिनलची आधीची खिडकी उघडीच असते, म्हणून जीसीसी ओळखले जात नसल्याचा संदेश येतच राहतो. आणि मेकफाइल! वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर म्हणून पाठवलेली मेकफाइल कॉपी करून घेतली की टॅबच्या जागी स्पेस येतात, मग ‘मिसिंग सेपरेटर’ एवढेच सांगून मेक थांबते. चालणारी आणि न चालणारी फाइल पडद्यावर शेजारी शेजारी ठेवली तरी डोळ्यांना फरक दिसत नाही.

स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७६ मध्ये मेक लिहिले. टॅबचा नियम त्रासाचा ठरेल हे कळेपर्यंत डझनभर लोक ते वापरू लागले होते, आणि त्यांच्या फाइली मोडू नयेत म्हणून तो नियम तसाच राहिला, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. त्या डझनभर सहकाऱ्यांची सोय म्हणून ठेवलेली गोष्ट आज आमच्या विद्यार्थिनीचे दोन तास खाते, आणि त्यातून तिला संगणकशास्त्रातले एकही तत्त्व कळत नाही. तिला एवढेच कळते की हे आपल्याला जमणारे नाही. हे मी फार वेळा चेहऱ्यांवर वाचले आहे, म्हणून तळमळीने लिहीत आहे.

ऑस्ट्रेलियातील शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात मांडलेला कॉग्निटिव्ह लोडचा सिद्धांत येथे लागू पडतो. नवी गोष्ट शिकताना माणूस एका वेळी फार थोडे मुद्दे मनात धरू शकतो. ती जागा विषयाशी संबंध नसलेल्या अडचणींनी भरली, तर मूळ विषयाला जागाच उरत नाही. पॉइंटर ही कल्पना मुळातच अवघड आहे. ती शिकवण्याच्या दिवशी पाथ, टॅब आणि अँटिव्हायरस यांची भर घालणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय यातून कोण तरते, हेही पाहावे. ज्याच्या घरात आयटीत काम करणारा मोठा भाऊ आहे, ज्याच्याकडे दोन वर्षांपासून स्वतःचा लॅपटॉप आहे, तो विद्यार्थी तरतो. म्हणजे आपण परीक्षा घेतो ती घरच्या परिस्थितीची, आणि निकाल लावतो तो बुद्धिमत्तेचा.

तेव्हा दुसऱ्या वर्षी ‘रन’ बटण द्यावे, लिंक्ड लिस्ट, ट्री, ग्राफ मनापासून शिकवावेत, आणि बिल्ड तिसऱ्या वर्षावर सोडावे. तेव्हा सिस्टिम प्रोग्रॅमिंगमध्ये असेंबलर, लिंकर, लोडर हे सगळे येतेच.

तिसरा बाक

मी सध्या अंतिम वर्षात आहे, म्हणून माणगंगा मॅडमच्या शेवटच्या वाक्याबद्दल तेवढे लिहितो. तिसऱ्या वर्षी लिंकर आणि लोडर येतात, पण ते आकृत्या आणि तक्ते म्हणून येतात. टू-पास असेंबलरचा सिम्बॉल टेबल (प्रोग्रॅममधील नावांचा तक्ता) आम्ही उत्तरपत्रिकेत बिनचूक काढतो. पण ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ हा संदेश म्हणजे त्याच सिम्बॉल टेबलमध्ये एक नाव रिकामे राहिले आहे, हे आमच्यापैकी बहुतेकांना कोणी जोडून दाखवले नाही. जोडून पाहण्यासाठी आधी तो एरर हातून गेलेला असावा लागतो. तिसऱ्या वर्षावर सोडलेली गोष्ट प्रत्यक्षात तिसऱ्या वर्षीही होत नाही, असा आमचा अनुभव आहे.

कोकणकडा

मी एम्बेडेड क्षेत्रात, म्हणजे उपकरणांतल्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहिण्याचे, काम करतो. दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचताना मला सतत आर्डुइनो हा नवख्यांसाठीचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि त्याचे सॉफ्टवेअर आठवत होते, आणि त्याचा विचार केल्यास या वादातील एक गाठ सुटेल असे वाटते.

आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतील इव्हरेआ येथे डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी तयार झाले. मायक्रोकंट्रोलर वापरण्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी लागू नये, हा त्यामागचा हेतू होता. त्यात ‘सेटअप’ आणि ‘लूप’ ही दोन फंक्शने लिहायची, बटण दाबायचे, की दिवा लुकलुकू लागतो. मागे बरेच काही घडते. आयडीई, म्हणजे कोड लिहिण्याचे त्याचे साधन, सर्व टॅबमधील मजकूर एकत्र जोडते, वर आर्डुइनोची हेडर फाइल घालते, आपण लिहिलेल्या फंक्शनांची डिक्लरेशन आपणहून तयार करते. ‘मेन’ फंक्शन आपल्याला दिसत नाही, पण ते बोर्डाच्या कोडमध्ये लिहिलेले असते. ते एकदा ‘सेटअप’ला बोलावते आणि मग न थांबता ‘लूप’ला बोलावत राहते. त्यानंतर एव्हीआर या जातीच्या चिपसाठीचा जीसीसी कंपाइल करतो, तयार झालेल्या फाइलपासून हेक्स फाइल काढली जाते आणि एव्हीआरड्यूड नावाचा प्रोग्रॅम ती चिपमध्ये उतरवतो.

यातील मोलाची गोष्ट अशी की हे काहीही कुलूपबंद नाही. प्रेफरन्सेसमध्ये कंपाइलच्या वेळी सविस्तर आउटपुट दाखवण्याची एक खूण करण्याची चौकट आहे. ती चौकट निवडली की आयडीईने चालवलेली प्रत्येक आज्ञा, सगळ्या पाथसकट, खालच्या खिडकीत दिसू लागते. मी नव्याने रुजू झालेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात ती चौकट निवडायला सांगतो आणि त्या आज्ञा एकेक करून टर्मिनलमध्ये स्वतः चालवून घेतो. ज्यांनी आर्डुइनोवर वर्षभर हौसेने काम केले आहे, त्यांना हे समजायला अजिबात वेळ लागत नाही, कारण शेवटी काय व्हायला हवे ते त्यांना माहीत असते. दिवा लुकलुकायला हवा. टर्बो सीने विद्यार्थ्यांचे नुकसान केले ते सोपे असल्यामुळे नव्हे. काळ बदलल्यावरही आपण त्यातून बाहेर पडलो नाही, यामुळे केले. पायवाट यांनी या दोन गोष्टी एकत्र मोजल्या आहेत.

सरळरेघ

वरील चर्चा प्रयोगशाळेपुरती राहिली आहे. बिल्ड कोणालाच वाचता न येण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिले, आणि ते प्रकरण येथे मांडल्याशिवाय ही चर्चा अपुरी राहील.

एक्सझेड ही फाइली आकुंचित करणारी लहानशी लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्स संगणकावर असते. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा घातला गेला होता. तो गिटमधल्या (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातल्या) सोर्स कोडमध्ये वाचून सापडला नसता. प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे सोर्सच्या एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात, बिल्डच्या तयारीसाठीची एक एम-४ मॅक्रोची फाइल होती. तिच्यात बदल केलेला होता आणि तो बदल गिटमध्ये नव्हता. संगणकावर काय उपलब्ध आहे ते बिल्डआधी तपासणारी ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट चालताना हा मॅक्रो चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या दिसणाऱ्या आकुंचित फाइलींमधून एक स्क्रिप्ट बाहेर काढत असे, आणि ती स्क्रिप्ट बिल्डमध्ये आपली ऑब्जेक्ट फाइल घुसवत असे. तेही सरसकट नव्हे. ६४-बिट इंटेल-एएमडी प्रकारचा लिनक्स आहे का, जीसीसी आहे का, डेबियन किंवा आरपीएम पॅकेज तयार होत आहे का, हे तपासून. पोस्टग्रेस या डेटाबेसचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे) लॉगिन होण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले, त्यांनी त्याचा चिकाटीने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघड केला.

हल्ला करणाऱ्याने जागा विचारपूर्वक निवडली होती. सी भाषेतील बदल कोणीतरी वाचतो, पण कॉन्फिगरच्या हजारो ओळी कोणी वाचत नाही, हे त्याला ठाऊक होते. आपण एक संपूर्ण पिढी ‘रन’ बटणावर घडवली, तर त्या ओळी वाचू शकणारी माणसे आणखी कमी होतील. पायवाट यांची तीन प्रॅक्टिकल मला थोडीच वाटतात.

माणगंगा

सरळरेघ, तुम्ही मांडलेली हकिकत खरी आहे, पण तिच्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. त्या मॅक्रोसमोर वर्षानुवर्षे बिल्ड करणारी अनुभवी पॅकेजर मंडळीही होती, आणि त्यांच्यापैकी कोणाला तो दिसला नाही. ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट तयार करणाऱ्या ऑटोकॉन्फची सुरुवात १९९१ मध्ये झाली, कारण तेव्हा युनिक्सचे अनेक एकमेकांशी न जुळणारे प्रकार होते आणि प्रत्येकावर काय उपलब्ध आहे ते चाचपडून पाहणे आवश्यक होते. त्यांतील बहुतेक प्रकार आज वापरात नाहीत, तरी चाचपडणे सुरूच आहे. चोराला दडायला जागा मिळाली ती या साचलेल्या गुंतागुंतीत. अशा ठिकाणी आणखी माणसांना ती गुंतागुंत शिकवण्याऐवजी ती कमी करणे हा पहिला उपाय आहे.

सोपे करणे आणि झाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोकणकडा यांनी आर्डुइनोच्या निमित्ताने सांगितलेच आहे. मी त्यापुढे जाऊन म्हणते की काही गोष्टी मुळातूनच सोप्या करता येतात. गो भाषा २००९ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यासाठीही मेकफाइली लिहाव्या लागत. २०१२ मधील पहिल्या स्थिर आवृत्तीसोबत ‘गो बिल्ड’ ही एक आज्ञा आली आणि कोणत्या फाइली कशावर अवलंबून आहेत हे सोर्समधील इम्पोर्टवरूनच समजू लागले. रस्ट भाषेत कार्गो हे साधन तेच काम करते, आणि व्हर्बोस (सविस्तर) पर्याय दिला की कंपायलरला दिलेली प्रत्येक आज्ञा दाखवते. या दोन भाषांत शिकणारा विद्यार्थी मेकफाइलच्या टॅबवर कधीच अडखळत नाही, आणि त्यामुळे तो कमी प्रतीचा अभियंता होतो असे मी कोठेही पाहिलेले नाही.

उंबरठा

मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत नव्या लोकांना सामील करून घेण्याचे काम मी काही काळ करत आहे, त्यामुळे या प्रश्नाकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहतो. विद्यार्थी वर्गात बसलेला असतो, त्याला सबमिशन पूर्ण करावेच लागते. आमच्याकडे येणारा माणूस स्वेच्छेने आलेला असतो, आणि पहिल्या संध्याकाळी बिल्ड झाले नाही तर तो काही न बोलता निघून जातो. त्याची तक्रारसुद्धा आमच्यापर्यंत येत नाही.

फायरफॉक्सचे उदाहरण घ्या. पूर्ण ब्राउझर कंपाइल करणे साध्या लॅपटॉपवर तासन्‌तास चालते, आणि ज्याला केवळ एखाद्या बटणाची जागा बदलायची आहे त्याला सी++ चा एवढा मोठा डोंगर चढायला लावणे निरर्थक आहे. म्हणून त्यांनी अशी सोय केली आहे की सोर्ससोबतची स्क्रिप्ट सुरुवातीलाच विचारते की तुम्हाला काय करायचे आहे. जावास्क्रिप्ट, सीएसएस अशा दर्शनी भागात काम करणाऱ्याला आर्टिफॅक्ट बिल्ड निवडता येते, म्हणजे कंपाइल झालेला भाग तयारच उतरवला जातो आणि तो लगेच आपल्या बदलाकडे वळू शकतो. लिबरेऑफिस २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे झाले, तेव्हा त्यांनीही जुनी, किचकट बिल्ड व्यवस्था बदलण्यावर पुष्कळ कष्ट घेतले आणि नवख्यांसाठी ‘ईझी हॅक्स’ नावाची सोप्या कामांची यादी ठेवली. ही सगळी मेहनत अनुभवी लोकांनी घेतली, नवख्यांनी नव्हे. बिल्ड सोपे करणे हे वरिष्ठांचे काम आहे, हे मला या दोन प्रकल्पांकडून शिकण्यासारखे वाटते.

मात्र पायवाट सरांच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. तयार स्क्रिप्टच्या आधाराने आलेल्यांपैकी पुष्कळ जण पहिला बदल करतात, पण स्क्रिप्ट मोडली की त्यांची प्रगती तिथेच थांबते. ‘चालत नाही’ एवढाच निरोप येतो. कोणती आज्ञा, कोणता टप्पा, लॉगमधला पहिला एरर कोणता, यांपैकी काहीच सोबत नसते. पाठवतात तो लॉगच्या शेवटच्या ओळीचा फोटो, आणि ती ओळ नेहमीच ‘एरर १’ अशा अर्थाची, निरुपयोगी असते. खरे कारण दोनशे ओळी वर असते. लॉग वरून खाली वाचत जाऊन पहिला एरर शोधणे, ही एकच सवय जरी महाविद्यालयाने लावली, तरी आमचे निम्मे काम हलके होईल. त्यासाठी विद्यार्थ्याला सुरुवातीची उभारणी स्वतः करायला लावण्याची गरज नाही. मोडलेले बिल्ड दुरुस्त करायला लावण्याची मात्र आहे.

पायवाट

उंबरठा यांच्या शेवटच्या वाक्याने मला माझ्याच प्रस्तावाचा क्रम बदलावासा वाटू लागला आहे. स्वेलर व त्यांच्या सहकाऱ्यांचे पुढचे संशोधनही माणगंगा मॅडमनी विचारात घ्यावे, कारण त्यात असे दिसले की नवख्याला उपयोगी पडणारी तयार मदत, तो थोडा जाणता झाल्यावर त्याच्या शिकण्याच्या आडही येऊ शकते. म्हणजे मदत द्यावी की नाही यापेक्षा ती कधी काढून घ्यावी, हा प्रश्न मोठा ठरतो, आणि ‘तिसऱ्या वर्षी बघू’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. तिसरा बाक यांचे मत त्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

आता मी विभागापुढे असे मांडणार आहे. पहिल्या प्रॅक्टिकलला विद्यार्थ्याला चालणारा प्रोजेक्ट आणि चालणारी मेकफाइल द्यावी. ती प्रयोगशाळेतील लिनक्स संगणकांवर आधीच ठेवलेली असावी, म्हणजे व्हॉट्सॲप आणि टॅब यांचा प्रश्न उद्भवत नाही, आणि विंडोजचे पाथही मध्ये येत नाहीत. ‘मेक’ असे लिहावे, प्रोग्रॅम चालावा, आणि सत्राच्या पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या पडद्यावर उत्तर दिसावे. त्यानंतरच्या तीन-चार प्रॅक्टिकलमध्ये डेटा स्ट्रक्चर्स शिकवत असताना दर वेळी शेवटची वीस मिनिटे एकेक गोष्ट मोडायची. एकदा मेकफाइलमधून ‘-एलएम’ काढायचे. एकदा स्टॅकची ऑब्जेक्ट फाइल लिंकच्या ओळीतून वगळायची. एकदा हेडरमधील गार्ड (तिचा मजकूर दोनदा येऊ न देणाऱ्या ओळी) काढून तीच हेडर दोनदा समाविष्ट करायची, म्हणजे सी-२३ पूर्वीच्या मानकानुसार कंपाइल करताना स्ट्रक्चरची व्याख्या दोनदा झाल्याची तक्रार येते. एकदा हेडर फाइलमध्ये बदल करायचा, पण मेकफाइलमध्ये त्या हेडरचा उल्लेख ठेवायचा नाही, म्हणजे मेक ‘सर्व अद्ययावत आहे’ असे सांगते आणि प्रोग्रॅम जुन्याच स्ट्रक्चरप्रमाणे वागत राहतो. यात एररही येत नाही, आणि म्हणूनच ते सर्वांत शिकण्यासारखे आहे. प्रत्येक वेळी आधी विद्यार्थ्याने जर्नलमध्ये लिहायचे की काय बिघडेल आणि ते कोण सांगेल, प्रीप्रोसेसर, कंपायलर, लिंकर की कोणीच नाही. मग मेक चालवायचे आणि आपला अंदाज ताडून पाहायचा.

मेकचा टॅब हा इतिहासाचा अपघात आहे, हे मॅडमचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो. पण शेवटच्या प्रयोगातील प्रश्न, म्हणजे कोणती गोष्ट बदलली की काय काय पुन्हा करावे लागते, हा अपघात नाही. गो आणि कार्गो यांनी तो प्रश्न विद्यार्थ्यापासून दूर नेला, तरी तो त्या साधनांच्या आत शिल्लक आहेच, आणि अशी साधने लिहिणारी माणसेही आपल्याच वर्गातून तयार व्हायला हवीत.

माणगंगा

सर, आधी चालू द्यायचे आणि मग मोडायचे, हा क्रम मला पटतो, आणि हे आमच्याकडे या सत्रात करून पाहण्याची माझी तयारी आहे. हेडर बदलून मेक गप्प राहण्याचा प्रयोग मी डेटा स्ट्रक्चर्समध्येच घेईन, कारण लिंक्ड लिस्टच्या नोडमध्ये एक फील्ड वाढवले की तो आपोआप करता येतो.

दोन ठिकाणी मात्र माझे मत बदललेले नाही. पहिल्या वर्षी सर्व शाखांना प्रोग्रॅमिंगचा विषय असतो. तिथे सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांना ‘रन’ बटणच मिळाले पाहिजे, आणि ते पुढे काढूनही घेऊ नये. त्यांना लूप आणि ॲरे वापरून आपल्या शाखेतले गणित सोडवता यावे, एवढा त्या विषयाचा हेतू आहे, आणि लिंकर त्यांच्या वाटेत येण्याचे काहीच कारण नाही. दुसरे गुणांचे. मोडतोडीच्या त्या वीस मिनिटांत कोणी किती लवकर दुरुस्त केले यावर टर्मवर्कचे गुण दिले गेले, तर ज्याच्या घरी लिनक्स आहे तोच पुन्हा पुढे जाईल, आणि बाकीचे त्याच्या जर्नलवरून उतरवून घेतील. गुण द्यायचेच असतील तर लिहिलेल्या अंदाजाला आणि त्यामागे दिलेल्या कारणाला द्यावेत, अंदाज चुकला असला तरी. हे तुमच्या बैठकीत मंजूर होणार असेल, तर प्रयोगांची यादी आणि मेकफाइल मला पाठवा. मी त्यांवरील सूचना मराठीत लिहून देईन.